टपावरचा कॅरियर उतरवावा, की त्याच्यापुढे पंख लावावेत?

आडवाटेचा

माझ्याकडे लॅडर फ्रेमवर बांधलेली, जवळजवळ उभ्या काचेची, चौकोनी फोर-बाय-फोर डिझेल गाडी आहे. गेल्या वर्षभरात मी तिच्या टपावर कॅरियर बसवला, त्याच्या पुढच्या कडेला सव्वा मीटर लांबीचा लाइट बार लावला आणि टायरही एका मापाने मोठे केले. पूर्वी महामार्गावर ही गाडी लिटरला बाराच्या आसपास अ‍ॅव्हरेज देत असे. आता टाकी ते टाकी हिशेब केला, तर आकडा साडेदहाच्या पुढे सरकत नाही.

हे नुकसान भरून काढण्यासाठी तीन छोट्या वस्तूंचा विचार करतो आहे. पहिली म्हणजे कॅरियरच्या पुढे बसवायची तिरकी पट्टी (विंड डिफ्लेक्टर), दुसरी टपाच्या मागच्या कडेला चिकटवायचे बोटभर उंचीचे पंख (व्होर्टेक्स जनरेटर) आणि तिसरी पुढच्या बंपरखाली लोंबणारी रबरी पट्टी (एअर डॅम). या तिन्हींपैकी कशाने खरोखर फरक पडतो, की ही सगळी हौस आहे? ज्यांनी स्वतः मोजून पाहिले आहे, त्यांच्या उत्तरांना मी अधिक वजन देईन, पण मते आणि थट्टा यांचेही स्वागत आहे.

निळी_स्टेपनी

भिंतीला पंख लावले म्हणून भिंत उडत नाही, एवढेच नम्रपणे नमूद करून मी पुढच्या प्रतिसादांची वाट पाहत बसतो.

गणिती_गोगलगाय

पंखांकडे वळण्याआधी एक प्रश्न विचारतो. तुमचे एकूण धावणे किती वेगाने होते? हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो रोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

आडवाटेचा

रास्त प्रश्न आहे. साधारण सत्तर टक्के धावणे महामार्गावर ताशी ९५ ते १०५ किलोमीटर वेगाने होते. उरलेले खडकाळ आणि चिखलाच्या वाटांवर, जिथे वेगमापकाचा काटा तीसच्या वर क्वचितच जातो.

गणिती_गोगलगाय

मग आता आकडे मांडतो. तुमच्या गाडीचे नेमके मोजमाप माझ्याकडे नाही, म्हणून तिच्यासारख्या गाडीला शोभतील असे आकडे गृहीत धरले आहेत: वजन २२०० किलो, ऑल टेरेन टायरचा रोध गुणांक ०.०१४, हवेचा रोध गुणांक म्हणजे सीडी ०.४८, समोरून दिसणारे क्षेत्रफळ २.९ चौरस मीटर आणि हवेची घनता घनमीटरला १.२ किलो.

या हिशेबाने टायरचा रोध सुमारे ३०२ न्यूटन येतो आणि तो वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा रोध मात्र ताशी ३० किलोमीटरला केवळ ५८ न्यूटन, ६० ला २३२, १०० ला सुमारे ६४५ आणि १२० ला ९२८ न्यूटन होतो. दोन्ही रोध समसमान होतात ते ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तुमच्या खडकाळ वाटांवर हवा जवळजवळ हिशेबातच नाही आणि महामार्गावर ती एकूण रोधाचा दोन तृतीयांश वाटा उचलते.

आता समजा एखाद्या छोट्या भागाने हवेचा रोध पाच टक्क्यांनी घटवला, आणि पाच टक्के ही उदार कल्पना आहे. तर ताशी १०० ला ३२ न्यूटन वाचतात, म्हणजे एकूण रोधाच्या ३.४ टक्के. इंजिनाचे स्वतःचे अंतर्गत घर्षण काही त्यामुळे कमी होत नाही, म्हणून इंधनातली बचत त्याहून कमी, अडीच टक्क्यांच्या आसपास धरावी. साडेदहाचे पावणेअकरा होतील. साठ लिटरच्या टाकीत पंपाची नळी एका वेळी लिटरभर आधी बंद झाली आणि पुढच्या वेळी उशिरा, तर एवढा फरक त्यातच बुडून जातो.

जुना_फिटर

वरच्या हिशेबात एक गोष्ट राहिली आहे आणि माझ्या अनुभवात ती दहापैकी आठ जणांची राहते. टायर एका मापाने मोठे केले, असे आपण लिहिले आहे. समजा पूर्वी २६५/७० आर १७ होते आणि आता २८५/७० आर १७ आहेत. पहिल्याचा व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ८३१. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, पण ओडोमीटर अजूनही जुन्या चाकाच्याच फेऱ्या मोजतो आहे. म्हणजे गाडी १०० किलोमीटर चालल्याचे सांगते, तेव्हा ती प्रत्यक्षात साडेतीन किलोमीटर जास्त चाललेली असते.

तेव्हा आपल्या साडेदहाचे खरे अ‍ॅव्हरेज १०.९ च्या जवळ आहे. गेलेल्या दीड किलोमीटरपैकी सुमारे ०.४ कुठे गेलेच नव्हते. आधी जीपीएसने शंभर किलोमीटर मोजून ओडोमीटरची चूक काढा आणि मगच पंखांची मागणी नोंदवा.

आडवाटेचा

मापे अगदी हीच आहेत! आपण माझी गाडी पाहिली आहे का, अशी शंका येते. वर्षभर मी उगाच इंजेक्टरवर संशय घेत होतो.

चौकोनी_प्रेम

गणित मला मान्य आहे, पण अनुभव वेगळे सांगतो. मी टपाच्या मागच्या कडेला आठ पंख लावले आहेत आणि त्यानंतरच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात अ‍ॅव्हरेज स्पष्टपणे वाढले. शिवाय मागच्या काचेवर धूळ कमी बसते, हे मला डोळ्यांनी दिसते आहे. विमानाच्या पंखांवर तीच वस्तू असते, ती काय शोभेसाठी?

शंकेखोर

त्या प्रवासात वारा कोणत्या दिशेने वाहत होता, हे आठवते का? ताशी १०० ने जाताना समोरून २० चा वारा असेल, तर हवेच्या दृष्टीने गाडी १२० ने चालली आहे आणि रोध ४४ टक्क्यांनी वाढतो. तोच वारा पाठीशी असेल, तर रोध ३६ टक्क्यांनी घटतो. तापमानाचेही तसेच आहे. १५ अंशांची हवा ३५ अंशांवर गेली की सहा-साडेसहा टक्क्यांनी विरळ होते. पंख लावल्यानंतरचा प्रवास उन्हाळ्यातला असेल, तर श्रेय सूर्याला द्यावे लागेल.

शिडाची_होडी

मी वायुगतिकीच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून पंखांबद्दल थोडे सविस्तर लिहिते. चौकोनी_प्रेम यांची विमानाची तुलना चुकीची नाही, पण तिच्यातला महत्त्वाचा भाग निसटला आहे.

हवा पृष्ठभागाला चिकटून वाहत असते, तेव्हा अगदी पृष्ठभागालगतचा थर घर्षणाने मंदावतो. पुढे पृष्ठभाग हळूहळू उतरत असेल, तर हा दमलेला थर वळण घेऊ शकत नाही आणि सुटतो. बोटभर पंख छोटे भोवरे तयार करून वरची वेगवान हवा खाली आणतात, थराला पुन्हा जोर देतात आणि त्यामुळे हवा थोडी उशिरा सुटते. विमानाच्या पंखाला किंवा सेदानच्या मागच्या उतरत्या काचेला याचा उपयोग होतो, कारण तिथे हवा कुठे सुटेल हे ठरलेले नसते. मित्सुबिशीच्या अभियंत्यांनी २००४ साली लान्सर इव्होल्यूशनवर केलेले काम या विषयात नेहमी सांगितले जाते. काळजीपूर्वक आकार आणि जागा निवडूनही त्यांना सीडीमध्ये मिळालेली घट ०.००६ होती. हजारात सहा, आणि तीही ज्या आकाराला हा उपाय मानवतो त्या सेदानवर.

तुमच्या गाडीचा टप मात्र मागे सरळ जातो आणि काटकोनात तुटतो. तिथे हवा त्या कडेलाच सुटणार, हे आकारानेच ठरवून टाकले आहे. काटकोनातून हवेला वळवू शकेल असा पंख नाही. कड तुटण्याच्या जागी भोवरे घातल्याने सुटण्याची जागा बदलत नाही, फक्त ते पंख स्वतःचा थोडासा रोध वाढवतात. धुळीबाबत मी वाद घालणार नाही. मागच्या पोकळीतले प्रवाह थोडे बदलले, तर काचेवरची धूळ बदलू शकते, पण त्याचा इंधनाशी संबंध जोडता येत नाही.

चौकोनी_प्रेम

म्हणजे माझे पंख मागची काच पुसतात, एवढेच त्यांचे कर्तृत्व. ठीक आहे, वायपरचा भाऊ म्हणून ते राहतील.

धुळवड

याच सुरात एक विचारतो. पिकअपचा मागचा फाळका उघडा ठेवला तर हवा सरळ निघून जाते आणि अ‍ॅव्हरेज वाढते, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते तरी खरे आहे का?

शिडाची_होडी

नाही. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक मोठा, संथ भोवरा कोंडला जातो आणि केबिनवरून आलेला प्रवाह त्या भोवऱ्यावरून घसरत पुढे निघून जातो. फाळका उघडला की तो भोवरा मोडतो. फायदा होत नाहीच, काही गाड्यांत थोडा तोटा होतो. हौदा वरून झाकला तर मात्र थोडी मदत होते.

निळी_स्टेपनी

थोडक्यात, छोटे भाग निरुपयोगी, मोठी भिंत अजिंक्य. माझ्या पहिल्या प्रतिसादाला शास्त्राचा आधार मिळाला, याचा आनंद आहे.

शिडाची_होडी

नाही, निळी_स्टेपनी, इथे मला आपल्याशीही असहमत व्हावे लागेल. भाग छोटा आहे की मोठा, यापेक्षा तो कुठे बसला आहे हे महत्त्वाचे असते. चौकोनी गाडीत फार मोठा अपव्यय पुढच्या कडांवर होतो: बॉनेटची कड, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, काच आणि टप यांचा सांधा. तिथे हवा तीक्ष्ण कडेवरून सुटली की पुढचा सगळा प्रवाह बिघडतो, आणि तिथेच थोडीशी गोलाई दिली तर हवा पुन्हा चिकटते.

१९७० च्या दशकात नासाच्या ड्रायडन केंद्रात एडविन सॉल्ट्झमन या अभियंत्याने एका व्हॅनला अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा संपूर्ण चौकोनी खोका चढवला आणि एकेक कड गोल करत मोजमापे घेतली. सायकलवरून कामाला जाताना शेजारून जाणाऱ्या ट्रकांचा धक्का त्याला जाणवत असे, तिथून ही कल्पना सुचली, असे सांगतात. फक्त उभ्या कडा गोल केल्यावर रोध ४० टक्क्यांनी घटला आणि आतली जागा केवळ १.३ टक्के गेली. आडव्याही गोल केल्यावर घट ५४ टक्क्यांपर्यंत पोचली.

आपल्या विषयाच्या अधिक जवळचे उदाहरण मर्सिडीजच्या जी-क्लासचे आहे. २०२४ साली सुधारित गाडी आली, तेव्हा तिचा चौकोनीपणा जसाच्या तसा होता, पण काचेच्या खांबांवरचे आच्छादन बदलले होते आणि काचेच्या वर, टपाच्या पुढच्या कडेला एक छोटी ओठासारखी पट्टी आली होती. इतर बारीकसारीक बदल धरून सीडी ०.५३ वरून ०.४८ वर आला, म्हणजे नऊ टक्क्यांहून अधिक घट. विजेवर चालणाऱ्या आवृत्तीत बॉनेट किंचित उंच करून आणि मागच्या चाकांपाशी हवेच्या वाटा काढून तो ०.४४ पर्यंत नेला. भिंत तीच आहे, फक्त तिच्या कोपऱ्यांवर हात फिरवला आहे.

अर्थात यामागे वाऱ्याच्या बोगद्यातले (विंड टनेल) अनेक तास असतात. तीच पट्टी दोन सेंटिमीटर मागे किंवा पुढे बसली, तर परिणाम नाहीसा होऊ शकतो, आणि म्हणूनच एका गाडीसाठी बनलेली वस्तू दुसरीवर चिकटवून तोच लाभ मिळेल, असे मी म्हणणार नाही.

गणिती_गोगलगाय

ज्या कडेला जी-क्लासवाल्यांनी ओठ लावला, नेमक्या त्याच कडेला धागाकर्त्याने लाइट बार लावला आहे, याकडे लक्ष वेधतो. बार १.२५ मीटर लांब आणि ८ सेंटिमीटर उंच धरला, तर त्याचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर. अशा बोथट वस्तूचा सीडी १.२ च्या आसपास असतो, म्हणजे गुणाकार ०.१२. संपूर्ण गाडीचा हाच गुणाकार १.३९ आहे. एकटा दिवा गाडीच्या साडेआठ टक्के! आणि काचेवरून वर चढणारी हवा त्या जागी गाडीच्या वेगापेक्षाही जोरात वाहत असल्याने प्रत्यक्ष आकडा याहून वाईट असू शकतो. दिवसा, बंद असलेला दिवा डिझेल पितो आहे.

जुना_फिटर

रबरी पट्टीबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. गाडीचे पोट खाली अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस, सायलेन्सर अशा अडगळीने भरलेले असते. तिथून हवा जितकी कमी जाईल तितके चांगले, हे तत्त्व बरोबर आहे. रेडिएटरमागचा दाब कमी होऊन थंडावाही सुधारतो. पण पट्टी स्वतःही हवेला अडवते, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे ती जितकी खोल तितका तोटा अधिक. शिवाय पुढच्या चाकाचा चढाईचा कोन ती खाते, आणि ज्याने उंची वाढवायला लिफ्ट किटवर खर्च केला, त्यानेच बंपरखाली पट्टी लावून ती उंची परत देणे मला हास्यास्पद वाटते.

रॅम १५०० सारख्या काही पिकअपमध्ये ही पट्टी वेग वाढला की आपोआप खाली येते आणि वेग कमी झाला की वर जाते. ती योग्य वाट आहे. घरगुती उपाय करायचाच असेल, तर लवचिक रबर वापरा आणि चार पाचरांनी काढता येईल अशी बसवा. माझ्या एका गिऱ्हाइकाने कडक प्लॅस्टिकची लावली होती. पहिल्याच नाल्यात ती बंपरचा एक कोपरा सोबत घेऊन गेली.

शंकेखोर

आता या सगळ्यावर एक उपाय सुचवतो, म्हणजे वाद मिटेल. टाकी ते टाकी मोजू नका. सपाट, सरळ, मोकळा रस्ता आणि वारा पडलेली पहाट निवडा. ताशी १०५ पर्यंत जाऊन गाडी न्यूट्रल करा, इंजिन मात्र चालूच ठेवा, कारण ते बंद केले तर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होते. १०० पासून ८० पर्यंत वेग उतरायला किती सेकंद लागतात, ते शेजारी बसलेल्या माणसाने मोबाइलवर चित्रित करावे. दोन्ही दिशांना निदान पाच-पाच वेळा करा आणि सरासरी काढा. आधी वस्तू लावून, मग काढून, मग पुन्हा लावून. तिसऱ्या फेरीचा आकडा पहिलीशी जुळला नाही, तर दिवस बदललेला आहे, वस्तू नाही. टायरमधली हवा आणि गाडीतले वजन तेच ठेवा, आणि आधी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून टायर व गिअरचे तेल गरम होऊ द्या.

गणिती_गोगलगाय

उत्तम. माझ्या गृहीतकांवर हा वेळ पंधरा सेकंदांच्या आसपास यायला हवा, आणि रोध आठ टक्क्यांनी बदलला तर तो पाऊण सेकंदाने हलेल. एवढे चित्रफितीत सहज दिसते.

आडवाटेचा

दोन पहाटा खर्च करून परत आलो आहे. पंख मित्राकडून उसने घेतले, तिरकी पट्टी प्लायची स्वतः कापली, आणि रबरी पट्टीचा नाद जुना_फिटर यांचा प्रतिसाद वाचून सोडला.

कॅरियर आणि लाइट बार दोन्ही असताना १०० ते ८० ला सरासरी १३.७ सेकंद लागले. फक्त बार काढल्यावर १४.३. कॅरियरही उतरवल्यावर १५.०, म्हणजे गोगलगायींचा अंदाज अंगावर काटा येईल इतका जुळला. बार नसताना कॅरियरपुढे तिरकी पट्टी लावली, तेव्हा १४.५ आले. पट्टीने थोडा फायदा दिला, पण कॅरियर उतरवण्याच्या फायद्याच्या जवळही ती गेली नाही. मोकळ्या टपावर पंख लावून एकदा १५.१ आणि एकदा १४.९ आले, म्हणजे काहीच नाही. चौकोनी_प्रेम यांनी राग मानू नये.

एक अनपेक्षित गोष्टही कळली. ताशी नव्वदच्या पुढे जी शिट्टी मी वर्षभर दाराच्या रबराची समजत होतो, ती लाइट बारची होती. तो काढल्यावर केबिनमध्ये इतकी शांतता झाली की गिअर बॉक्सचा नवीनच आवाज ऐकू येऊ लागला.

चौकोनी_प्रेम

राग मुळीच नाही. वायपरच्या भावाला मी आधीच कमी पगारावर ठेवले आहे.

शिडाची_होडी

फार सुंदर मोजणी. शिट्टीचे कारण असे की दांड्यामागून भोवरे आळीपाळीने सुटतात आणि त्यांची वारंवारता वेगाला जाडीने भागून ०.२ ने गुणल्यावर साधारण मिळते. ३ सेंटिमीटर जाडीचा कॅरियरचा दांडा ताशी १०० ला १८५ हर्ट्झच्या आसपास घुमतो, तर दिव्याच्या मागच्या तीन मिलिमीटरच्या पात्यांतून साडेअठराशे हर्ट्झची शिट्टी येते. कॅरियर ठेवायचाच असेल, तर गोल दांड्यांवर दोरी मळसूत्रासारखी गुंडाळा. भोवरे एका तालात सुटत नाहीत आणि घुमणे थांबते. इंधनात फरक पडेल असे मात्र समजू नका.

धुळवड

पण सामान न्यायचे कुठे? कॅरियर उतरवला तर तंबू डोक्यावर घेऊन बसायचे का?

गणिती_गोगलगाय

मागे लावा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार टपावरची मोठी, बोथट पेटी महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५ टक्के अ‍ॅव्हरेज खाते. पाठीमागे बसवलेली पेटी महामार्गावर १ ते ५ टक्के घेते, कारण ती गाडीच्या सावलीत, आधीच ढवळलेल्या हवेत असते.

निळी_स्टेपनी

म्हणजे माझ्यासारखी मागच्या दारावर बसलेली स्टेपनी निर्दोष ठरली. नाव सार्थक झाले.

जुना_फिटर

मागच्या दारावर पेटी टांगणाऱ्यांनी बिजागऱ्या आधी तपासाव्यात. दार स्टेपनीचे वजन पेलण्यासाठी बनवलेले असते, त्यावर चाळीस किलो आणखी चढवले तर खडकाळ वाटेवर ते महिनाभरात लोंबते. ओढणीचा हूक असेल, तर पेटी त्याच्यावर न्यावी. आणि आडवाटेचा, तो गिअर बॉक्सचा नवीन आवाज कोणत्या गिअरमध्ये येतो, तेवढे कळवा. तेल कधी बदलले होते?

आडवाटेचा

चौथ्यात, वेग कमी होत असताना. तेलाची तारीख मला आठवत नाही, म्हणजे उत्तर तुम्हाला मिळाले असेलच. उद्या बदलतो. कॅरियर आता भिंतीला टेकवून ठेवला आहे. सहा बोल्टांचे काम असल्याने लांबच्या मोहिमेच्या आदल्या रात्रीच तो वर चढेल.